पाठीवरचा हात: मुलांना मालिश आणि अंग सैल सोडणं शिकवण्यामागची गोष्ट

नौपाड्यातल्या आमच्या जुन्या घरी दुपारची जेवणं आटोपली की आजीची हाक ठरलेली असे, "ये रे, पाठीवर जरा पाय दे." मग भिंतीला धरून तिच्या पाठीवरून हळूहळू चालायचं, खांद्यापासून कमरेपर्यंत आणि परत. चुकीच्या जागी पाय पडला तर "मेल्या, हाडं मोडशील", बरोबर जागी पडला तर नुसता हुंकार. या कामासाठी नातवंडांची निवड वजनावर होई. मी तिसरीत असताना माझी नेमणूक झाली आणि पाचवीत "जड झालास" म्हणून सुटका. तुला हे करायला आवडतं का, असं मला कुणी विचारलं नव्हतं. विचारायची पद्धतच नव्हती.

हे आठवायचं कारण म्हणजे ठाण्यातल्या एका शाळेची पालकसभा. शनिवारच्या तासाला मुलांनी जोडीजोडीने बसून एकमेकांची पाठ पाच मिनिटं हलकेच दाबून द्यावी, असं एका शिक्षिकेने सुचवलं आणि सभेत सरळ दोन तट पडले. एका तटाचं म्हणणं, यात नवीन काय, हे तर आपलंच, आयुर्वेदातलं. दुसऱ्याचं म्हणणं, शाळेत कुणी कुणाच्या अंगाला हात लावायचा नाही, विषय संपला. माझ्या मते दोघांचंही थोडं बरोबर होतं. पण ही कल्पना नेमकी कुठून कुठे फिरत आपल्यापर्यंत आली, ते त्या खोलीत कुणालाच ठाऊक नव्हतं.

आधी 'आपलंच' या दाव्याकडे पाहू. तेल लावण्याची परंपरा जुनी आहे यात शंका नाही. वाग्भटाच्या अष्टांगहृदयात दिनचर्येच्या अध्यायातच 'अभ्यङ्गमाचरेन्नित्यम्' असं स्वच्छ सांगितलंय, आणि डोकं, कान, तळपाय यांना विशेष तेल लावावं असंही. आपल्याकडे काशाच्या वाटीने तळपाय घासायची जी रीत आहे, तीही याच तळपायाच्या कौतुकातली. नरकचतुर्दशीच्या पहाटे पाटावर बसवून, पोरगं थंडीने कुडकुडत असताना, आई सुगंधी तेल चोळते आणि वर उटणं लावते. आणि बाळाचा सव्वा महिना तर तेलाचाच. ठाण्याच्या जुन्या वस्तीत तेल लावणाऱ्या मावशी घरोघर ठरलेल्या असत. पाय लांब करून बसायचं, नडग्यांवर बाळ पालथं घालायचं, तेल जिरवायचं, टाळू भरायची, कढत पाण्याने न्हाऊ घालायचं आणि शेवटी धुरी. घोडबंदर रोडच्या टॉवरमध्ये किंवा ऐरोली-नेरुळच्या सोसायट्यांतही या मावशी आजही येतात. फरक इतकाच की आता गेटवरच्या वहीत सही करून येतात.

पण हे सगळं एकाच दिशेने वाहतं. मोठा माणूस बाळाला तेल लावतो, किंवा लहानाने मोठ्याचे पाय चेपायचे. बाळाला नको म्हणता येत नाही आणि नातवाने म्हणायचं नसतं. बरोबरीच्या दोघांनी एकमेकांचं अंग रगडायचं हे मला फक्त तालमीत दिसतं. मेहनत झाल्यावर पैलवान आपसांत मालिश करतात, तो तिथल्या शिस्तीचाच भाग. तिथेही कोणी कोणाचं अंग रगडायचं ते वस्ताद ठरवतो म्हणा. म्हणजे हाताचं कसब आपल्याकडे होतं, पण दुसरीतल्या मुलाने शेजारच्या मुलाला "तुझ्या पाठीला हात लावू का?" असं विचारणं, हे त्यात कुठेच नव्हतं.

ते जिथून आलं त्याची सुरुवात गंमत म्हणजे पुन्हा भारतातच होते. फ्रेंच प्रसूतितज्ज्ञ फ्रेडरिक लबॉये यांनी कोलकात्यात शांतला नावाच्या एका आईला आपल्या बाळाला तेल लावताना पाहिलं. त्यांनी तिचे फोटो काढले आणि १९७६ मध्ये तिच्याच नावाचं पुस्तक काढलं. ठाण्याची कुठलीही मावशी पानं चाळून "यात काय छापायचंय?" म्हणाली असती, पण युरोपात त्या पुस्तकाने बाळाच्या मालिशीकडे पाहायची नजर बदलली. त्याच्या थोडं आधी, १९७३ मध्ये, विमला श्नायडर (पुढे मॅक्लूर) ही अमेरिकन तरुणी भारतातल्या एका अनाथाश्रमात काम करत होती. इथे पाहिलेली मालिश तिने घरी जाऊन आपल्या बाळावर करून पाहिली. त्यात स्वीडिश पद्धतीचे हात मिसळले आणि पालकांसाठी अभ्यासक्रम बांधला. तिच्या पद्धतीत एक बारकावा आहे. हात-पाय चोळताना धडाकडून बोटांकडे जाणाऱ्या हाताला ती 'भारतीय' म्हणते आणि बोटांकडून वर, हृदयाकडे येणाऱ्या हाताला 'स्वीडिश'. आपल्या मावशी दोन्ही करतात आणि त्यांना नावं देत नाहीत, हा भाग वेगळा.

या चळवळीचं रोप स्वीडनमध्ये जोमाने वाढलं. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पेर हेन्रिक लिंग यांनी स्टॉकहोममध्ये व्यायामशिक्षणाची संस्था उभी केली, १८१३ मध्ये, तेव्हापासून तिथे शरीराला हात लावून काम करण्याला एक प्रतिष्ठा आहे. १९६० च्या दशकात सीव आर्डेबी या परिचारिकेने रुग्णांसाठी हलक्या, संथ स्पर्शाची पद्धत घडवली. पण मला जास्त महत्त्वाची वाटते ती १९७९ ची गोष्ट. मुलांना मारायला, आईबापांनीसुद्धा, कायद्याने बंदी घालणारा स्वीडन हा जगातला पहिला देश. मारणारा हात असा बाद झाल्यावर पुढच्या वीस वर्षांत तिथल्या बालवाड्यांत पाठ चोळणारा हात शिरला. एकामुळे दुसरं घडलं असा दावा मी करत नाही, पण क्रम लक्षात ठेवण्याजोगा आहे.

२००० च्या सुमारास स्वीडनच्या मिया एल्म्सेटर आणि कॅनडाच्या सिल्वी एतू यांनी शाळांसाठी एक कार्यक्रम आखला. दोघीही मूळच्या बाळाच्या मालिशीच्या प्रशिक्षक, म्हणजे विमलाबाईंच्या परंपरेतल्या. साधारण चार ते बारा वर्षांची मुलं, दहा-पंधरा मिनिटं. अंगावर कपडे तसेच. पाठ, डोकं, दंड आणि हात, एवढ्याच जागा. तेल नाही. मुलं मुलांनाच मालिश करतात, शिक्षक हात लावत नाहीत, फक्त हवेत किंवा बाहुलीवर करून दाखवतात. सुरू करण्याआधी विचारायचं, संपल्यावर आभार मानायचे. "नको" म्हणणाऱ्याला कारण विचारायचं नाही. तो चित्र काढत बसू शकतो किंवा नुसता पाहू शकतो. इंग्लंडमध्ये याचेच गोष्टीरूप अवतारही निघाले, पाठीवर बोटांनी पाऊस पाडायचा, तळव्याने ऊन फिरवायचं वगैरे. आपल्याकडे कुणी केलंच तर कणीक मळायची, पोळी लाटायची, वर तूप फिरवायचं असं करता येईल. पोरं खुदुखुदू हसतील आणि शिक्षकांना पाठ करावं लागणार नाही.

याला विज्ञानाचा आधार किती? इथे लोक फार ताणतात. मायामीतल्या टिफनी फील्ड यांचा १९८६ चा अभ्यास सगळीकडे फिरतो. दिवसातून तीनदा, पंधरा-पंधरा मिनिटं, दहा दिवस मालिश मिळालेल्या बाळांचं वजन रोज सरासरी ४७ टक्क्यांनी जास्त वाढलं. खरं आहे, पण ती अपुऱ्या दिवसांची, रुग्णालयातली बाळं होती. त्यावरून चौथीतल्या मुलाच्या गणिताबद्दल काही सिद्ध होत नाही. आपल्या सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातही २००५ मध्ये नवजात बाळांना खोबरेल आणि मिनरल ऑइल लावून तुलना झाली, त्यात खोबरेल सरस ठरलं. तीही बाळंच. मोठ्या मुलांना जवळचं वाटेल असं संशोधन म्हणजे स्वीडनमधलंच, त्वचेतल्या एका जातीच्या मज्जातंतूंवरचं. सेकंदाला एक ते दहा सेंटिमीटर इतक्या संथ गतीने कातडीवरून हात फिरला की हे तंतू सगळ्यात जास्त जागे होतात. कुठलीही आई बाळाला थोपटून झाल्यावर पाठीवरून हात फिरवते तो साधारण याच वेगाने.

आता दुसरा धागा, अंग सैल सोडण्याचा. हा आपल्या शाळांत आधी आला, आणि तोही दोन वाटांनी. एक वाट योगाची. हठप्रदीपिका या योगावरच्या जुन्या ग्रंथात शवासनाला 'श्रान्तिहरं' म्हटलंय. १९२४ मध्ये स्वामी कुवलयानंदांनी लोणावळ्याला कैवल्यधाम काढलं आणि योग प्रयोगशाळेत, मग व्यायामशिक्षणात आला. ठाण्यात घंटाळी मित्र मंडळाच्या योगवर्गांमुळे "अंग सैल सोडा" हे शब्द कित्येक घरांत रोजचे झाले. तिकडे अमेरिकेत एडमंड जेकबसन यांनी १९२९ मध्ये स्नायू आधी आवळून मग सोडायची पद्धत मांडली. ए. एस. केपन यांनी १९७४ मध्ये ती मुलांच्या भाषेत आणली. मुठीत लिंबू आहे, पिळा, आता टाकून द्या. कासवासारखी मान खांद्यांत ओढा. नाकावर माशी बसली आहे, हात न लावता उडवा. हत्तीचं पिल्लू पोटावर पाय देणार आहे, पोट आवळा. तुमच्या मुलाला शाळेच्या समुपदेशक बाईंनी लिंबू पिळायला लावलं असेल तर त्याचं मूळ हे.

दुसरी वाट बालशिक्षणाची, आणि ती थेट जुन्या ठाणे जिल्ह्यातून जाते. मारिया मॉन्टेसरी यांनी रोममधल्या आपल्या वर्गात एकदा चार महिन्यांचं बाळ आणलं आणि मुलांना म्हटलं, बघा, हे किती शांत आहे. मुलं त्या बाळाइतकं शांत होऊन दाखवायला लागली. त्यातून शांततेचा खेळ निघाला. सगळे स्तब्ध बसलेले, खोलीच्या टोकाकडून बाई कुजबुजत एकेकाचं नाव घेतात आणि ते मूल पाय न वाजवता उठून जातं. गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांच्या भावनगरच्या बालमंदिरातून ही पद्धत आपल्याकडे रुजली. १९४५ मध्ये ताराबाईंनी अनुताई वाघांना सोबत घेऊन बोर्डीला ग्राम बाल शिक्षा केंद्र काढलं, पुढे काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. (हा भाग २०१४ पासून पालघर जिल्ह्यात गेला, पण आमच्या पिढीला तो ठाणे जिल्हाच.) तिथल्या अंगणवाडीत शिकवण्याआधी मुलांना न्हाऊ घालणं, नखं कापणं, केस विंचरणं हे काम असे. वस्तीतली पोरं, ज्यांच्या अंगाला बाहेरचा कुणी हात लावत नसे, त्यांची वेणी बाई घालत. मला विचाराल तर 'मुलांचं स्वास्थ्य' या आजच्या चकचकीत शब्दाची आपल्याकडची जन्मपत्रिका तिथे काढावी.

गावातल्या इतर शाळांत मात्र शिक्षकाचा हात वेगळ्याच कामाचा. छडी लागे छमछम. मी स्वतः पट्टीच्या कडेने बोटांच्या पेरांवर मार खाल्लाय आणि त्याच बाईंनी निबंधाला पाठही थोपटली आहे. दोन्ही वेळा त्यांनी विचारलं नव्हतं. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ बंद केला, १ एप्रिल २०१० पासून. २०१२ मध्ये पोक्सो, म्हणजे मुलांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणारा कायदा, आला. 'चांगला स्पर्श, वाईट स्पर्श' चे तास सुरू झाले. ते हवेच होते. पण छडी गेली तशी शाबासकीही आखडली. शिक्षक हात पाठीमागे बांधून फिरू लागले. ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरला, आपल्याच जिल्ह्यात, बालवाडीच्या मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याचं जे प्रकरण घडलं त्यानंतर तर कुठल्याच शाळेला स्पर्शाचं नाव काढायची छाती राहिली नाही. शाळेतल्या मुलांच्या सुरक्षेसाठीच्या सखी सावित्री समित्यांचा शासन निर्णय २०२२ चा, पण बऱ्याच पालकांनी तो शब्द तेव्हाच पहिल्यांदा ऐकला. पालकसभेतला दुसरा तट या भीतीतून बोलत होता, आणि ती भीती खोटी नाही.

म्हणून त्या कार्यक्रमातलं मालिशीचं अंग बाजूला ठेवून विचारण्याचं अंग पाहावं असं मला वाटतं. 'वाईट स्पर्श ओळख आणि ओरड' हे आपण मुलांना सांगतो, पण नको म्हणायचा सराव ते कुठे करणार? त्या कार्यक्रमात तो सराव रोज दहा मिनिटं, बरोबरीच्या मुलासोबत, अंगावर कपडे असताना, सगळ्यांसमोर होतो. आणि समोरच्याने "नको" म्हटलं तर हात मागे घ्यायचा, हा सराव दुसऱ्या मुलाचाही होतो. हा दुसरा सराव आपण मुलग्यांना कुठल्याच तासात देत नाही.

ठाण्याची जमीन या विषयाला तशी परकी नाही. १९०१ पासून या शहराची बाहेरच्यांना ओळख मनोरुग्णालयामुळे, "ठाण्याला पाठवा" ही थट्टा आम्ही सगळ्यांनी सोसली आहे. त्याच गावात १९९० मध्ये डॉ. आनंद नाडकर्णींनी आय. पी. एच. ही मानसिक आरोग्यासाठी काम करणारी संस्था सुरू केली आणि मन बिघडायच्या आधीच त्याची निगा राखावी हे मध्यमवर्गाच्या गळी उतरलं. परीक्षेच्या ताणासाठी श्वास मोजायला शिकणं इथे आता लाजेचं राहिलेलं नाही. राज्य शासनाने २०२४ मध्ये पहिली ते आठवीसाठी 'आनंददायी शनिवार' आणला. त्यात प्राणायाम, योग, ध्यान, श्वसनाची तंत्रं आहेत. स्वतःच्या शरीरापुरतं सगळं आहे, दुसऱ्याच्या पाठीचा उल्लेख नाही.

त्या सभेत शेवटी तडजोड झाली. शिक्षिका मुलांना आपले आपणच तळहात, कान आणि मान चोळायला शिकवणार, जोड्या नाहीत. प्रश्न मात्र आधी विचारायचाच, एवढा आग्रह त्यांनी सोडला नाही. शेजारच्याचा खोडरबर घेतानाही "घेऊ का?" म्हणायचं, आणि तो नको म्हणाला तर त्याला का म्हणून विचारायचं नाही.