मक्याच्या पोंग्यातली परदेशी अळी

सिल्लोड तालुक्यात दादाच्या मक्यात उभी होते. पीक गुडघ्याएवढं, लांबून हिरवंगार. दादानं एका झाडाचा पोंगा, म्हणजे मधल्या कोवळ्या पानांची गुंडाळी, बोटांनी उकलला, तर आत ओल्या भुशासारखी विष्ठा आणि तिच्याखाली तपकिरी अळी. डोक्यावर उलटा ‘वाय’, शेपटाकडे चौकोनात चार काळे ठिपके. या दोन खुणांवरून अमेरिकन लष्करी अळी ओळखता येते. एका पोंग्यात मोठी अळी बहुधा एकच सापडते, कारण या अळ्या एकमेकींना खातात.

तिचं मूळ घर अमेरिका खंडाच्या उष्ण प्रदेशात. २०१६ मध्ये ती आफ्रिकेत आढळली, मे २०१८ मध्ये कर्नाटकात आणि त्याच वर्षी महाराष्ट्रात. वाऱ्याची साथ असली तर तिचा पतंग एका रात्रीत शंभर किलोमीटर जातो. मादी हजारावर अंडी घालते, तीही पुंजक्यांनी, वर स्वतःच्या अंगावरची लव पांघरून.

पण मला जास्त काळजी वाटते ती आपल्या हवेची. या किडीला हिवाळा झोपून काढता येत नाही. अमेरिकेच्या उत्तर भागात थंडीत ती मरून जाते आणि दरवर्षी फ्लोरिडा-टेक्सासकडून नव्यानं वर सरकते. मराठवाड्यात जमीन गोठत नाही. खरिपाचा मका निघाला की रब्बीची ज्वारी, मग जनावरांसाठी उन्हाळी मका. तिचं ताट कधी रिकामं होत नाही. उन्हाळ्यात तर महिन्याभरात एक पिढी पुरी होते. म्हणून गावानं मका एकाच सुमारास पेरला पाहिजे, असं मला मनापासून वाटतं.

दादानं त्या आठवड्यात फवारणी केली होती. मोठी अळी विष्ठेच्या बुचाखाली बसली की औषध पोहोचत नाही. लहान अळी पानाचा हिरवा पापुद्रा खरवडते, पांढुरके चट्टे पडतात; खरी वेळ तीच.

परतताना बांधालगतच्या पानावर एक अळी दिसली. मेलेली, कडक, अंगावर फिकट हिरवी भुकटी. ही मेटारायझियम रिलेई बुरशी. दमट पावसाळी हवेत आपल्या सोयाबीनवरच्या अळ्या ती पूर्वीपासून मारत आली आहे; आता या नव्या अळीलाही धरते. दादा ते पान तोडायला निघाला होता. मी म्हटलं, “राहू दे, दादा. ती भुकटी म्हणजे बुरशीचे बीजाणू. वाऱ्यानं शेजारच्या झाडांवर जातील.”