धावून आल्यावर आधी उसळ, मग चहा

शिवाजी पार्कला फेऱ्या मारून झाल्या की आमचा गट बाहेरच्या एका रसाच्या गाडीपाशी थांबतो. कारलं, दुधी, आवळा, बीट आणि हल्ली सगळ्यांत जास्त मागणी असलेला गव्हांकुराचा रस. ‘हिरवं रक्त’ अशी त्याची ख्याती आहे. गटातली एक मैत्रीण हा रस दोन महिने रोज घेत होती. तिने तीन वर्षांपूर्वी मासे-मटण सोडलं, आता दूधही घेत नाही, आणि जानेवारीतल्या मुंबई मॅरेथॉनसाठी आठवड्यातून चार दिवस धावते. दोन महिन्यांनी तपासणी केली तेव्हा फेरिटिन, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचं माप, होतं तिथेच अडकलेलं. घरात सगळ्यांचं एकच म्हणणं: बांगडा खायला लाग, नाहीतर धावणं सोड.

दोन्ही करायची गरज नाही, असं माझं ठाम मत आहे.

आधी त्या हिरव्या रक्ताचं बघू. हरितद्रव्याच्या रेणूत चार नायट्रोजन अणूंची एक चौकट असते आणि मधोमध मॅग्नेशियम. आपल्या हिमोग्लोबिनमधल्या हीमची चौकट तशीच दिसते, फक्त मधोमध लोह असतं. साम्य खरं आहे. पण रस प्यायल्याने मॅग्नेशियम जाऊन लोह बसतं आणि रक्त तयार होतं, हे खोटं आहे. शरीर ही चौकट पानांकडून उसनी घेत नाही. ग्लायसिन या सर्वांत छोट्या अमिनो आम्लापासून सुरुवात करून ती स्वतः घडवतं. कमी पडतं ते मधलं लोह. बीट लाल म्हणून रक्त वाढवतं हाही तसाच समज. १०० ग्रॅम बिटात एक मिलिग्रॅमही लोह नसतं. बीट धावणाऱ्यांच्या उपयोगाचं आहे, पण त्यातल्या नायट्रेटमुळे. त्यापासून शरीरात नायट्रिक ऑक्साइड बनतो आणि रक्तवाहिन्या सैलावतात. रंगाचा त्याच्याशी काही संबंध नाही.

मोठ्या माणसाच्या शरीरात सगळं मिळून तीन-चार ग्रॅम लोह असतं, एखाद्या छोट्या खिळ्याइतकं. त्यातलं जवळजवळ दोन तृतीयांश तांबड्या पेशींत. या पेशी साधारण १२० दिवस जगतात, मग मोडीत निघतात आणि त्यांचं लोह पुन्हा वापरलं जातं. या फेरवापरातून रोज २० ते २५ मिलिग्रॅम मिळतं, म्हणून बाहेरून शोषून घ्यावं लागतं ते जेमतेम एक ते दोन मिलिग्रॅम. धावणाऱ्यांचा खर्च याहून थोडा जास्त. घामातून जातं, आतड्यातून जातं, बायकांचं पाळीत जातं, आणि पाऊल रस्त्यावर आपटताना तळव्यातल्या बारीक रक्तवाहिन्यांत काही तांबड्या पेशी फुटतात. लांब कूच केलेल्या एका जर्मन सैनिकाची लघवी लाल झाल्याची नोंद १८८१ सालची आहे.

आता कडधान्यं. १०० ग्रॅम कोरड्या कडधान्यात जातीप्रमाणे पाच ते दहा मिलिग्रॅम लोह असतं. आकडा छान आहे, पण ताटातलं सगळं लोह रक्तात जात नाही. मांस-माशांतलं हीमच्या चौकटीतलं लोह सहज शोषलं जातं. वनस्पतीतलं लोह मोकळं असतं, आणि मोकळ्या लोहाला वाटेत अडवणारे बरेच.

पहिला अडवणारा फायटिक आम्ल. बी म्हणजे रोपट्यासाठी बांधून ठेवलेली शिदोरी; त्यातला फॉस्फरस या आम्लात साठवलेला असतो. रेणूच्या कडेला सहा फॉस्फेट गट असतात आणि ते लोह, जस्त, कॅल्शियम यांना खेकड्यासारखे धरून ठेवतात. आपल्या आतड्याला ही पकड फारशी सोडवता येत नाही. पण बी भिजलं, त्याला उगवायची वेळ झाली असं वाटलं, की त्यातच फायटेज नावाचं विकर जागं होतं आणि एकेक फॉस्फेट तोडायला लागतं. रोपट्यासाठी ते फॉस्फरस मोकळा करत असतं, सोबत आपल्यासाठी लोह सुटतं. मटकी भिजवून, फडक्यात बांधून मोड आणणाऱ्या आपल्या आज्यांच्या हातून हे रसायनशास्त्र रोज घडत होतं. मोड येताना क जीवनसत्त्वही नव्याने तयार होतं. कोरड्या दाण्यात ते जवळपास नसतं. पहिल्या महायुद्धात सर्बियन सैनिकांच्या स्कर्व्हीवर मोड आलेले घेवड्याचे दाणे देऊन पाहिले होते आणि गुण आला होता.

दुसरी अडचण लोहाच्या रूपाची. मोकळं लोह बहुतेक फेरिक रूपात असतं, म्हणजे तीन इलेक्ट्रॉन गमावलेलं. आतड्याच्या पेशीचं दार फक्त दोन गमावलेल्या, फेरस लोहाला उघडतं. लिंबातलं क जीवनसत्त्व तो एक इलेक्ट्रॉन परत देतं, शिवाय लोहाला विरघळलेलं ठेवतं. उसळीवर लिंबू पिळणं ही त्यामुळे नुसती चवीची बाब नाही. पिळायचं मात्र गॅस बंद केल्यावर, कारण हे जीवनसत्त्व उष्णतेने नासतं.

तिसरा अडवणारा आपला लाडका चहा. त्यातली पॉलिफेनॉल्स लोहाला घट्ट बांधतात. जेवणासोबत चहा घेतला तर त्या जेवणातल्या मोकळ्या लोहाचं शोषण निम्म्याहून खाली येऊ शकतं. तासाभराने घेतला तर हा परिणाम बराच कमी होतो. माझी मैत्रीण रोज धावून आल्यावर पोहे आणि चहा एकत्रच घेत होती.

इथवर बऱ्याच जणांना माहीत असतं. मला ज्या गोष्टीने वेड लावलं आहे ती पुढे आहे, आणि ती थोडी सावकाश वाचावी लागेल.

लोह आतड्याच्या पेशीत शिरलं म्हणजे रक्तात पोचलं असं नाही. पेशीला अन्नाच्या बाजूचं एक दार आहे आणि पलीकडे, रक्ताच्या बाजूला दुसरं. या दुसऱ्या दाराचं नाव फेरोपोर्टिन. आपल्या शरीरात पेशीतून लोह बाहेर सोडणारं हे एकच प्रथिन ज्ञात आहे. आणि त्याला कुलूप घालतं हेप्सिडिन, यकृतातून येणारं, फक्त २५ अमिनो आम्लांचं छोटं संप्रेरक. हेप्सिडिन फेरोपोर्टिनला येऊन चिकटलं की पेशी ते दार आत ओढून घेते आणि मोडून टाकते. लोह पेशीतच फेरिटिन या लोह साठवणाऱ्या प्रथिनात कोंडलं जातं. आतड्याच्या या पेशी चार-पाच दिवसच जगतात, मग गळून पडतात, आणि कोंडलेलं लोह त्यांच्यासोबत शौचातून जातं. तुम्ही उत्तम उसळ खाल्ली, लिंबू पिळलं, चहा टाळला, तरी दार मोडलेलं असेल तर उपयोग नाही.

यकृत हे कुलूप कधी घालतं? साठा भरलेला असताना, हे तर उघडच आहे. पण जंतुसंसर्गातही घालतं. जिवाणूंना वाढायला लोह लागतं, म्हणून शरीर रक्तातलं लोह दडवतं. याचा संदेश पोचवतं इंटरल्यूकिन-६ हे प्रथिन. आता खरी गंमत. जोरात काम करणारे स्नायूही इंटरल्यूकिन-६ सोडतात, आणि स्नायूंतली ग्लायकोजेनची, म्हणजे साठवलेल्या साखरेची, शिल्लक कमी असेल तर जास्तच सोडतात. तुम्हाला ताप आहे की तुम्ही वरळी सी-फेसवर पंधरा किलोमीटर धावून आलात, हे यकृताला कळत नाही. ते हेप्सिडिन सोडतं. त्याची पातळी व्यायामानंतर तीन ते सहा तासांत शिखर गाठते, मग उतरते.

यात दुसरी लय मिसळा. हेप्सिडिन मुळातच सकाळी कमी असतं आणि दिवसभर वाढत जातं. म्हणजे साडेपाचला धावायला सुरुवात करून सातला घरी आलात, तर दार पुरतं उघडं आहे तो वेळ सातचा, आणि दहा ते एकच्या दरम्यान ते बंद होत असतं. आपण काय करतो? सातला चहा-बिस्किट, आणि डाळ-उसळीचा डबा ऑफिसात एक वाजता. दिवसातलं सगळ्यांत जास्त लोह कुलूप लागलेल्या दाराशी नेऊन ठेवतो.

म्हणून माझा आग्रह असा: धावून आल्यावर अर्ध्या-पाऊण तासात मटकी, मूग किंवा चण्याची उसळ, वर लिंबू, सोबत पेरू असेल तर फारच चांगलं. उसळीबरोबर पोहे किंवा भाकरी हवीच, कारण रिकामं ग्लायकोजेन भरायचं आहे. चहा उसळीनंतर तासाभराने. ज्यांचं हिमोग्लोबिन बरं आहे, त्यांनीही लांब धावत असाल तर वर्षातून एकदा फेरिटिन तपासावं. साठा आधी रिकामा होतो, हिमोग्लोबिन नंतर उतरतं.

गोळ्यांबाबतही हेप्सिडिनने शहाणपण शिकवलं. लोहाची गोळी घेतली की हेप्सिडिन चढतं आणि दुसऱ्या दिवशीही चढलेलं राहतं. झुरिचमधल्या संशोधकांनी साठा कमी असलेल्या तरुण स्त्रियांवर केलेलं काम २०१७ साली प्रसिद्ध झालं: एक दिवसाआड घेतलेल्या गोळीतलं लोह रोजच्या गोळीपेक्षा जास्त प्रमाणात शोषलं गेलं. पण गोळी स्वतःच्या मनाने सुरू करू नका. काहींच्या शरीरात लोह जन्मजातच जास्त साठतं आणि त्यांना ती घातक ठरते. डॉक्टरांना एक दिवसाआडचं विचारा मात्र जरूर. आणि जे दूधही घेत नाहीत त्यांनी ब-१२ ची गोळी टाळू नये. ते जीवनसत्त्व वनस्पतींतून भरवशाने मिळत नाही, आणि त्याच्याशिवाय तांबड्या पेशी नीट तयार होत नाहीत.

प्रथिनांची चिंता मला कमी वाटते. डाळ, भात, शेंगदाणे, सोयाबीन दिवसभरात पुरेसे पोटात गेले तर भागतं; सगळं एकाच जेवणात जुळवायची गरज नसते.

मैत्रिणीने आता मटकी शुक्रवारी सकाळी भिजवायची, रात्री निथळून फडक्यात बांधायची आणि रविवारच्या लांब धावेनंतर काढायची असं ठरवलं आहे. डिसेंबरात हे जमेल. पावसाळ्यात मुंबईच्या दमट हवेत मोड एका रात्रीतच येतात आणि दुसऱ्या दिवशी मटकीला तार सुटते, तेव्हा ती शनिवारी सकाळी भिजवलेली पुरे. आणि कच्ची खायची नाही. जी ऊब मोडाला मानवते तीच साल्मोनेला या पोट बिघडवणाऱ्या जिवाणूलाही मानवते. दहा मिनिटं चांगली वाफ द्यायची, गॅस बंद करायचा, मग लिंबू.