बी.एस्सी.ची पोरं लॅबमध्ये शिकवणार, हे आलं कुठून? (पार्श्वभूमी)

सध्या बडोद्यात ज्या घरात सायन्सला पोर आहे त्या घरात इंटर्नशिपचा विषय निघतोच, आणि बहुतेकांच्या डोळ्यापुढे नंदेसरीची एखादी केमिकल कंपनी नाहीतर मकरपुऱ्यातलं एखादं युनिट असतं, तिथे काही दिवस जायचं, सही-शिक्का घेऊन यायचं. पण इंटर्नशिपचा अजून एक प्रकार आहे ज्याबद्दल कमी बोललं जातं. तिसऱ्या-चौथ्या वर्षाच्या मुलामुलींनी आपल्याच डिपार्टमेंटमध्ये पहिल्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला उभं राहायचं, शिकवायचं, आणि त्याचे क्रेडिट घ्यायचे. परदेशात हे जुनं आहे, आपल्याकडे ते कुठल्या खणात ठेवायचं हेच अजून नीट ठरलेलं नाही.

मोठ्या पोरानं लहान पोराला शिकवायचं हे तसं पंतोजींच्या शाळेतही चालायचं. १७९० च्या दशकात मद्रासला एका स्कॉटिश पाद्र्यानं देशी शाळेतली मुलं वाळूवर अक्षरं गिरवताना पाहिली, आपल्या अनाथ मुलांच्या शाळेत मोठ्या मुलांनाच शिकवायला लावलं आणि १७९७ मध्ये त्यावर लंडनला पुस्तिका छापली, पुढे ती पद्धत मद्रासच्या नावानं इंग्लंडभर पसरली. हे सगळीकडे वाचायला मिळतं, म्हणून पुढे जातो.

आपल्या कामाचं म्हणजे डेमॉन्स्ट्रेटर, लॅबमध्ये प्रयोग करून दाखवणारा आणि करवून घेणारा. बरोडा कॉलेज १८८१ चं, आणि १९४९ मध्ये बडोद्याचं स्वतःचं विद्यापीठ (एम.एस. युनिव्हर्सिटी) होईपर्यंत ते मुंबईला जोडलेलं, त्यामुळे इथल्या लॅबची शिस्तही मुंबईचीच. लेक्चर प्रोफेसर घेणार, बॅचवर डेमॉन्स्ट्रेटर असणार, आणि तो डेमॉन्स्ट्रेटर बऱ्याचदा नुकताच चांगल्या क्लासनं बी.एस्सी. झालेला, एकीकडे एम.एस्सी. करणारा पोरगा असायचा. दांडिया बाजार-रावपुऱ्याकडच्या जुन्या मराठी घरांत 'आमचे काका डेमॉन्स्ट्रेटर होते' असं अजून सांगतात, तेही अभिमानानं. म्हणजे पदवीच्या उंबरठ्यावरच्या माणसानं लॅब सांभाळायची ही सोय आपल्याकडे होतीच, फक्त ती पगारी नोकरी होती.

मग सत्तर-ऐंशीच्या दशकात वेतनश्रेण्या बदलत गेल्या तसं हे पद मावळत गेलं. होते ते राहिले, काही लेक्चरर झाले, नवीन भरती थांबत गेली. मेडिकल कॉलेजांत ट्यूटर-डेमॉन्स्ट्रेटर आजही दिसतात, सायन्समध्ये नाहीत. कागदावर हे चांगलंच वाटतं, लॅबमध्येही पूर्ण दर्जाचा शिक्षक उभा राहणार, कोणी अर्धा शिक्षक नाही. प्रत्यक्षात काय झालं, तर पहिल्या वर्षाच्या बॅचा फुगल्या, हायर पेमेंटच्या, म्हणजे जास्त फीच्या, सीटा आल्या, कायम शिक्षक रिटायर होत गेले आणि त्यांच्या जागी हंगामी आले. प्रॅक्टिकलला मदतीला पीएच.डी.वाले. जेआरएफची (रिसर्चच्या फेलोशिपची) परीक्षा १९८४ पासून आहे, आणि आयआयटीत तर एम.टेक.च्या स्टायपेंडबरोबर आठवड्याला आठ तास टीचिंग असिस्टंटचं काम हे ठरलेलंच. पण जिथे स्कॉलर कमी तिथे एक शिक्षक, एक लॅब असिस्टंट आणि समोर पंचवीस-तीस पोरं, असं चित्र कुणीही बघून यावं.

तिकडे अमेरिकेत याच काळात उलटं चाललं होतं. १९७३ मध्ये कॅन्सस सिटीच्या विद्यापीठात अवघड विषयांसाठी वरच्या वर्गातल्या विद्यार्थ्यांनी जादा तास घ्यायची पद्धत सुरू झाली, नव्वदच्या दशकात न्यूयॉर्कला केमिस्ट्रीत विद्यार्थ्यांनीच चालवलेले छोटे गट आले, आणि २००० नंतर कोलोरॅडोला फिजिक्सवाल्यांनी त्याला नीट आकार दिला. तिथली गोम अशी की पोराला नुसतं वर्गात सोडत नाहीत. आठवड्यातून एकदा तो विषय शिकवणाऱ्या प्राध्यापकाबरोबर बसायचं, शिकवायचं कसं यावर वेगळा सेमिनार करायचा, आणि मग वर्गात जायचं. या तिन्हीपैकी एक काढलं की उरतो तो फुकटचा मदतनीस. इंग्लंडमध्ये २००२ च्या सुमारास सायन्सच्या मुलांना शाळेत जाऊन शिकवल्याचे क्रेडिट द्यायला लागले, पण ते शाळेत, डिपार्टमेंटमध्ये नाही.

आपल्याकडे शाळेसाठीचा रस्ता त्याही आधीचा. अजमेर, भोपाळ, भुवनेश्वर, म्हैसूर इथे १९६३ पासून चार वर्षांत सायन्सची पदवी आणि शिक्षक-प्रशिक्षण एकत्र मिळायचं. पुढे २०१४ च्या नियमांनी बी.एड. दोन वर्षांचं झालं आणि त्यात वीस आठवडे शाळेत घालवायचे आले. हे सगळं शाळेसाठी. विद्यापीठाच्या सायन्स डिपार्टमेंटला हुशार पोरगा दिसला की त्याला रिसर्चकडे वळवायचं एवढंच सुचत आलंय, समर फेलोशिपा आल्या, २००४ मध्ये मुंबईहून पदवीच्या मुलांसाठी मोठा राष्ट्रीय उपक्रम आला, सगळा भर रिसर्चवर. उन्हाळ्यात एखाद्या मोठ्या संस्थेत जाऊन पिपेट धुणारा पोरगा बायोडेटात चार ओळी लिहितो, आणि वर्षभर ज्युनियरना सॉल्ट ॲनालिसिस समजावणारी पोरगी एकही लिहू शकत नाही. मला हे नेहमीच चुकीचं वाटत आलंय.

आता मुख्य भानगड. डिसेंबर २०२२ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाची (यूजीसीची) नवीन क्रेडिटची चौकट आली, तीन वर्षांना १२० क्रेडिट, चार वर्षांना १६०. गुजरातेत ती २०२३-२४ पासून लागू झाली. इंटर्नशिपला दोन ते चार क्रेडिट, आणि एक क्रेडिट म्हणजे ३० तास, म्हणजे एकूण ६० ते १२० तास. २०२४ मध्ये इंटर्नशिपची वेगळी नियमावली आली आणि तिच्यात दोन प्रकार सांगितले, एक नोकरीलायक करणारी, दुसरी रिसर्चची गोडी लावणारी. डिपार्टमेंटमध्ये शिकवणं यातल्या कुठल्या प्रकारात बसतं? ओढूनताणून पहिल्यात, कारण शिकवणं हीही नोकरीच. पण तिथे वेगळी यजमान संस्था हवी, सुपरवायझर हवा, आणि इथे यजमानही डिपार्टमेंट, पाठवणारंही डिपार्टमेंट, सही करणारे सरही तेच. 'घरच्या घरी क्रेडिट' म्हणून कोणी हरकत घेतली तर ती अगदीच खोटी नाही.

त्याहून मोठी अडचण वेळेची आहे आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. इंटर्नशिप करायची चौथ्या सेमिस्टरनंतर, म्हणजे मे-जूनच्या सुट्टीत. तेव्हा पहिल्या वर्षाची लॅब बंद असते! शिकवणार कोणाला? शिकवायचं तर चालू सेमिस्टरमध्येच, मग हिशोब असा की तीन तासांचं एक प्रॅक्टिकल धरलं तर ६० तासांना वीस प्रॅक्टिकल, सेमिस्टर पंधरा आठवड्यांचं, म्हणजे आठवड्याला एकाहून थोडं जास्त. दोन क्रेडिट जमतात. चार क्रेडिटला चाळीस प्रॅक्टिकल, म्हणजे स्वतःचे पेपर सांभाळून आठवड्याला जवळजवळ तीन, ते कोणाच्याही पोराला झेपणारं नाही.

विरोध करणाऱ्यांचं म्हणणंही ऐकण्यासारखं आहे. गुजरातेत विद्या सहायक, अध्यापक सहायक अशा नावांनी फिक्स पगारावर वर्षानुवर्षं माणसं राबलेली लोकांनी पाहिली आहेत, त्यामुळे शिकवायला कोणी स्वस्तात मिळतंय म्हटलं की पहिली शंका तीच येते, उद्या इंटर्न दाखवून हंगामी शिक्षकांच्या नेमणुकीचे ऑर्डर कमी करतील. हंगामींचे ऑर्डर दर वर्षी कसे लटकतात हे इथे सगळ्यांना ठाऊक आहे. दुसरा आक्षेप मार्कांचा. इंटर्ननं जर्नल तपासायचं का, इंटर्नलचे मार्क द्यायचे का? इथे माझं स्पष्ट मत आहे की अजिबात नाही. शेजारच्या पोळातल्या मुलाचं जर्नल त्याच पोळातली ताई तपासणार म्हटलं की वर्षभर कटकट. बाहेरही या पोरांकडून मुख्य अपेक्षा बाजूला उभं राहून मदत करायची असते, मार्कांची नाही.

मग उपयोग काय, तर एक उदाहरण देतो. पहिल्या वर्षाला ऑक्झॅलिक ॲसिड आणि पोटॅशियम परमँगनेटचं टायट्रेशन असतं. फ्लास्क साठ-सत्तर डिग्रीपर्यंत गरम करून ब्युरेटमधून (खुणा असलेल्या उभ्या काचनळीतून) परमँगनेट सोडायचं. पहिला थेंब पडला की गुलाबी रंग तसाच राहतो, जात नाही, कारण रिॲक्शनला वेग देणारं मँगनीज अजून तयार झालेलं नसतं. नवीन पोरगं तिथेच थांबतं, एंड पॉइंट (रिॲक्शन पूर्ण झाल्याची खूण) आला म्हणून रीडिंग लिहितं ०.२. सर सांगून गेलेले असतात 'थेंबाथेंबानं टाका', त्यानं तर थेंबच टाकलेला असतो! दोन वर्षांपूर्वी स्वतः असंच ०.२ लिहिलेल्या मुलीला हे लांबून कळतं, ती येऊन म्हणते, 'थांब जरा, हलवत राहा, जाईल रंग.' जातोच. मग तिथल्या तिथे ब्युरेट कशी वाचायची तेही, परमँगनेट गडद म्हणून वरची कड वाचतात, खालची दिसतच नाही. पंचवीस पोरांत एकट्या शिक्षकाला हे प्रत्येकाच्या फ्लास्कशी जाऊन करता येत नाही, तो चांगला असला तरी.

हे सगळं ठरवायचं कुठे, तर अभ्यासक्रमाच्या मंडळात. त्यात अजून एक गोष्ट मध्ये आली, २०२३ मध्येच बडोद्याच्या विद्यापीठाचा १९४९ चा स्वतःचा कायदा जाऊन राज्यातल्या सरकारी विद्यापीठांना एकच कायदा लागला, सेनेट-सिंडिकेट ही विद्यापीठाचे निर्णय घेणारी मंडळं गेली. पूर्वी एखादं डिपार्टमेंट हट्टानं काही नवीन सुरू करायचं आणि मग सिंडिकेटमध्ये त्यावर भांडण व्हायचं, आता तसा हट्ट कोण करणार हा प्रश्नच आहे.

एक फट मात्र आहे. २०२३ ची बॅच २०२६-२७ मध्ये चौथ्या वर्षाला येते. पहिल्या सहा सेमिस्टरांत ७५ टक्के असलेल्यांना रिसर्चचं ऑनर्स आणि १२ क्रेडिटचा प्रोजेक्ट, बाकीच्यांना त्या १२ क्रेडिटांच्या बदल्यात तीन जादा पेपर. त्या तिनांपैकी एक पेपर लॅब टीचिंगचा केला तर यजमान संस्थेचा घोळ येत नाही, सुट्टीचा येत नाही, कारण ती इंटर्नशिप राहतच नाही, तो साधा पेपर होतो, त्याला तयारीचा तास असतो, सेमिनार असतो, परीक्षा असते. फक्त गोम अशी की मग ही संधी ७५ च्या खालच्यांना मिळते, आणि ज्यांना डिपार्टमेंट हुशार समजतं ती पोरं रिसर्चमध्येच अडकलेली राहतात. काहींना यात तोटा दिसतो. परमँगनेटला ०.२ लिहिणारी पोरं बहुतेक याच बाकीच्यांतली असतात, त्यामुळे मला तरी दिसत नाही.