आत्मघातकी वर्तन : कल्पनेची पार्श्वभूमी

पहिल्या महायुद्धातून परतलेले अनेक सैनिक स्वप्नात पुन्हा पुन्हा त्याच भयंकर प्रसंगात जाऊन पोहोचत होते. माणूस सुखाकडे धावतो आणि दुःख टाळतो, या आपल्याच गृहीतकात हे बसत नाही, हे ओळखून मनोविश्लेषणाचे जनक सिग्मंड फ्रॉइड यांनी १९२० मध्ये मृत्युप्रेरणेची, म्हणजे माणसाला विनाशाकडे ओढणाऱ्या उपजत प्रेरणेची, कल्पना मांडली. विनाशाची प्रेरणा मनोविश्लेषक सबिना श्पिलराइन यांनी १९१२ मध्येच चर्चेत आणली होती. फ्रॉइड यांनी त्याचे श्रेय दिले, तेही तळटिपेत.

अमेरिकी मनोविकारतज्ज्ञ कार्ल मेनिंजर यांनी १९३८ मध्ये दारूचे व्यसन, हौतात्म्याची ओढ, वारंवार ओढवणारे अपघात असे सारे या एकाच प्रेरणेखाली आणले. ही मांडणी आकर्षक असली तरी इतकी ऐसपैस होती, की कोणत्याही हानीमागे सुप्त इच्छा दाखवता यावी.

हानीमागे हानीचीच इच्छा असते, या गृहीतकाला छेद गेला तो प्रयोगशाळेत. मानसशास्त्रज्ञ स्टीव्हन बर्गलास आणि एडवर्ड जोन्स यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात काही विद्यार्थ्यांना न सुटणारी कोडी देऊन, उत्तरे उत्तम आल्याचे सांगण्यात आले. पुढच्या चाचणीआधी बुद्धीला चालना देणारे किंवा ती मंदावणारे औषध निवडायचे होते, तेव्हा अशा नशिबाने मिळालेल्या यशाच्या धन्यांपैकी, विशेषतः मुलांपैकी, बहुतेकांनी मंदावणारे औषध मागितले. हरण्याची हौस त्यांना नव्हती; हरल्यास बोट दाखवायला काहीतरी हवे होते. मानसशास्त्रज्ञ रॉय बाउमाइस्टर आणि स्टीव्हन शेर यांनी १९८८ मध्ये उपलब्ध संशोधन तपासले, तेव्हा सर्वसामान्य माणसे हानीसाठीच हानी करून घेतात याला त्यांना आधार सापडला नाही; आढळले ते तात्पुरत्या सुटकेसाठी केलेले महागडे सौदे आणि फसलेले डावपेच.

हानीची इच्छा आणि फसलेला डावपेच यांतला हा भेद केवळ पंडिती नव्हता. अमेरिकी मनोविकार वर्गीकरणाच्या १९८७ च्या आवृत्तीत स्वतःचेच नुकसान करणाऱ्या व्यक्तिमत्त्वाचा विकार परिशिष्टात आला, तेव्हा छळ सोसणाऱ्या स्त्रीलाच त्या छळाला जबाबदार ठरवण्याची ही सोय आहे, असा स्त्रीवाद्यांनी आक्षेप घेतला, आणि तो रास्त होता. १९९४ च्या आवृत्तीतून हे निदान वगळण्यात आले. पुढे २०१३ मध्ये, मरण्याचा हेतू नसताना स्वतःला केलेली इजा याच वर्गीकरणात आत्महत्येच्या प्रयत्नापासून वेगळी, अधिक अभ्यासासाठीची अवस्था म्हणून नोंदवली गेली. राजकीय लिखाणात मात्र एखाद्या पक्षाच्या वा सरकारच्या धोरणाला आत्मघातकी म्हणताना हेतूचा प्रश्न कोणी विचारत नाही. तिथे परिणाम पाहूनच शिक्का मारला जातो.