कापसाच्या सुया आणि हळूहळू सुटणारं औषध

आईला डायबेटिसची गोळी गिळायला मोठी वाटते म्हणून ती खलबत्त्यात कुटून घ्यायची, मला कळलं तेव्हा धसकाच बसला, कारण स्ट्रिपवर चक्क एसआर लिहिलेलं. एसआर म्हणजे सस्टेन्ड रिलीज, औषध तासन्‌तास थोडं थोडं सुटावं म्हणून ती गोळी तशी बनवलेली असते, कुटली की सगळा डोस एकदम पोटात. तुमच्या घरी कोणी असं करत असेल तर आजच थांबवा आणि डॉक्टरांना विचारा.

अशा बऱ्याच गोळ्यांत एचपीएमसी नावाचा पॉलिमर असतो, तो झाडांच्या सेल्युलोजपासून, म्हणजे कापसाचे धागे ज्याचे बनलेले असतात त्या पदार्थापासून, करतात. पाणी लागलं की तो फुगतो, भिजलेल्या सब्जासारखा बुळबुळीत थर धरतो आणि औषधाला त्यातून वाट काढत बाहेर यावं लागतं.

आता याच सेल्युलोजच्या नॅनो सुयांवर काम चाललंय, आणि मला हे फार भारी वाटतं. कापूस घ्यायचा, साधारण 64 टक्के सल्फ्युरिक ॲसिडमध्ये 45 डिग्रीला पाऊण तास ठेवायचा. धाग्यातले ढिले भाग ॲसिड खाऊन टाकतं, घट्ट रचलेले तेवढे उरतात, 5 ते 20 नॅनोमीटर जाड आणि शे-दोनशे नॅनोमीटर लांब (आपला केस 80 हजारांच्या आसपास जाड असतो). वर ॲसिडमुळे सुयांवर ऋण प्रभार येतो, त्यामुळे त्या पाण्यात एकमेकींना ढकलत सुट्ट्या राहतात आणि धन प्रभाराची औषधं, उदाहरणार्थ कॅन्सरवरचं डॉक्सोरुबिसिन, त्यांना धरून बसतात.

नुसत्या सुयांनी भागत नाही, त्यांना घर लागतं. समुद्री शेवाळातून मिळणाऱ्या अल्जिनेटच्या पाण्यात सुया आणि औषध कालवून ते कॅल्शियम क्लोराइडच्या पाण्यात थेंब थेंब सोडलं की थेंब पडताक्षणी आळतो, अगदी शिजलेल्या साबुदाण्यासारखा मणी तयार. नुसत्या अल्जिनेटच्या जाळीतून छोटे रेणू भसकन निसटतात. मधे सुया आल्या की जाळी ताठ होते आणि सरळ रस्ता वळणावळणाचा होतो. शिवाय अल्जिनेट पोटातल्या ॲसिडमध्ये आक्रसतं आणि आतड्यात गेल्यावर फुगून मोकळं होतं, म्हणजे औषध कुठे सुटावं हेही बऱ्यापैकी ठरवता येतं.

आपल्या माटुंग्याच्या सिरकॉटमध्ये, कापसावरच्या 1924 सालच्या संस्थेत, नॅनोसेल्युलोजचा पायलट प्लांट आहे. उसाच्या चिपाडातूनही या सुया निघतात.

पण एक गोष्ट अडते. सेल्युलोज पचवणारं एन्झाइम आपल्या शरीरात नाही. तोंडावाटे घेतलं तर चोथ्यासारखं बाहेर पडतं, पण इंजेक्शनने रक्तात सोडलेल्या सुया जाणार कुठे?