यूएफओच्या फायलींत लपवलं काय जातं?

यूएफओ, म्हणजे आकाशात दिसलेल्या अनोळखी वस्तू, यांच्या नोंदी तपासणारं अमेरिकी हवाई दलाचं 'प्रोजेक्ट ब्लू बुक' १९५२ ते १९६९ चाललं. १२,६१८ नोंदींपैकी ७०१ची उकल शेवटपर्यंत झाली नाही. यूएफओवाले आजही तोच आकडा तोंडावर फेकतात. पण सरकारला झाकायचं होतं ते बरंचसं उकललेल्या नोंदींतच होतं.

ऑगस्ट १९५५मध्ये यू-२ या टेहळणी विमानाची चाचणी-उड्डाणं सुरू झाली. तेव्हाची प्रवासी विमानं १० ते २० हजार फुटांवरून जात, यू-२ साठ हजारांच्याही वर. खाली दिवेलागण झाली तरी तेवढ्या उंचीवर ऊन असतंच. बिनरंगाच्या चंदेरी पंखांवर ते पडलं, की पश्चिमेकडे चाललेल्या वैमानिकाला वर आगीचा गोळा दिसे. ब्लू बुकचे अधिकारी तक्रारीची तारीख-वेळ सीआयएकडच्या उड्डाणनोंदींशी ताडून पाहत. जुळली की प्रकरण निकाली. तक्रारदाराला मात्र खरं कारण सांगायची सोय नव्हती. १९५०च्या दशकाच्या उत्तरार्धापासून साठच्या दशकाअखेरपर्यंतच्या निम्म्याहून अधिक नोंदी अशा गुप्त उड्डाणांमुळेच आल्या, असं सीआयएच्या इतिहासकाराने १९९७मध्ये लिहिलं. आकडा फुगवलेला असू शकतो. शिवाय वॉशिंग्टनच्या रडारवर अनोळखी वस्तूंचे गाजलेले ठिपके उमटले ते जुलै १९५२मध्ये, तेव्हा यू-२ उडालंही नव्हतं.

एप्रिल २०२०मध्ये पेंटागॉनने, म्हणजे अमेरिकी संरक्षण खात्याने, नौदलाच्या विमानांतून टिपलेल्या अनोळखी वस्तूंच्या तीन चित्रफिती अधिकृतपणे खुल्या केल्या. त्या आधीच फुटलेल्या होत्या, त्यामुळे यात धाडस फारसं नव्हतं. त्यांतल्या 'गोफास्ट'मध्ये एक ठिपका लाटांना घासून सुसाट जाताना दिसतो. पडद्यावर विमानाची उंची (२५,००० फूट), कॅमेऱ्याचा खाली झुकलेला कोन आणि वस्तूचं अंतर छापलेलं आहे. त्यावर साधी त्रिकोणमिती लावली की वस्तू पाण्यालगत नव्हे, तर सुमारे १३,००० फुटांवर निघते. २०२३मध्ये नासाच्या अभ्यासगटाने तिचा वेग काढला, तो ताशी सुमारे ६५ किलोमीटर, म्हणजे वाऱ्यावर वाहणाऱ्या वस्तूइतका. सुसाट धावत होतं ते कॅमेरा बसवलेलं विमान.

हा हिशेब जमला तो आकडे उघडे होते म्हणून. तेच आकडे शत्रूला कॅमेऱ्याची ताकदही सांगतात. माहिती अधिकाराखाली नौदलाकडच्या अशा उरलेल्या चित्रफिती मागितल्या गेल्या, तेव्हा त्यातून नौदलाच्या क्षमता आणि उणिवा उघड होतील, असं कारण देत नौदलाने २०२२मध्ये नकार कळवला.