आई-बाप अश्शूर, दूत मात्र उरार्तूकडे : राजा अवरिकुची पार्श्वभूमी

आजच्या तुर्कस्तानात अदानाभोवतीच्या सुपीक मैदानात इ. स. पू. आठव्या शतकात एक छोटं राज्य होतं. आजच्या उत्तर इराकमधल्या बलाढ्य अश्शूर साम्राज्याचे लोक, म्हणजे अश्शुरी, त्याला 'कुए' म्हणत. तिथला राजा अवरिकु लुवियन, म्हणजे हित्तींच्या भाषेशी नातं असलेली प्राचीन भाषा वापरणाऱ्यांपैकी; अश्शुरी नोंदींत 'उरिक्की'. इ. स. पू. ७३८च्या सुमाराला अश्शूरचा राजा तिसरा तिग्लथ-पिलेसर याला खंडणी भरणाऱ्यांत त्याचं नाव येतं. खंडणीच्या यादीतला एक मांडलिक, एवढीच त्याची ओळख बराच काळ होती.

१९४६ साली पुरातत्त्वज्ञ हेल्मुट बोसर्ट आणि हालेत चांबेल अदानाच्या ईशान्येला करातेपेच्या टेकडीवर पोचले. तिथल्या गढीच्या दोन्ही दरवाजांवर एकच मजकूर फिनिशियन (आजच्या लेबनॉनच्या किनाऱ्यावरच्या प्राचीन लोकांच्या) भाषेत आणि लुवियन चित्रलिपीत कोरलेला होता. फिनिशियन वाचता येत होती, त्यामुळे चित्रलिपीचं तोवर चाचपडत केलेलं वाचन पडताळता आलं. गंमत म्हणजे हा लेख राजा अवरिकुचा नाही, त्याने मोठ्या पदाला चढवलेल्या अझतिवदाचा. हा गृहस्थ स्वतःला राजा म्हणवत नाही. धन्याच्या वंशाला गादीवर आपण बसवलं, हे मात्र ठासून सांगतो. पूर्वी जिथे पुरुषही जायला घाबरत, त्या वाटांनी माझ्या काळात बाई चात्या घेऊन एकटी चालते, अशी त्याची फुशारकी. राजेलोकांच्या ठरावीक बढायांपेक्षा ही मला जास्त खरी वाटते.

राजाचा स्वतःचा आवाज ऐकू आला तो १९९७ साली, अदानाच्या दक्षिणेला चिनेकॉय इथे. बैलांच्या रथावर उभ्या असलेल्या वादळदेवाच्या मूर्तीवर पुन्हा त्याच दोन भाषा. इथे नाव 'वरिक' असं वाचतात; तो अवरिकुच, असं बहुतेक अभ्यासक मानतात, काहींना ते पटत नाही. राजा आपलं कूळ ग्रीक दंतकथांतल्या मोप्सोसशी जोडतो, घोडदळ वाढवल्याचं आणि १५ किल्ले बांधल्याचं सांगतो. आणि म्हणतो, अश्शूरचा राजा नि त्याचं सगळं घराणं मला आई-बापासारखं झालं.

अश्शूरच्या जुन्या राजधानीत, आजच्या इराकमधल्या निमरूदला, सापडलेलं एक पत्र याच्या अगदी उलट बोलतं. उरिक्कीने अश्शूरच्या वैऱ्याकडे, म्हणजे उत्तरेकडच्या उरार्तू राज्याकडे, धाडलेली कुएची १४ माणसं फ्रिजियाच्या (आजच्या मध्य तुर्कस्तानातल्या राज्याच्या) मिदासने (ग्रीक कथांतला सोन्याच्या स्पर्शाचा राजा तो हाच) पकडून अश्शुरींच्या हवाली केली होती. तेव्हाचा अश्शूरचा राजा दुसरा सार्गोन त्यावर खूश झालेला दिसतो. कुएत तोवर अश्शुरी सुभेदार बसला होता; पत्र लिहिलंय ते त्यालाच.